पहिला आवाज कलाचाच

२७ ऑक्टोबर
दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कला गाणार. कलाबाई माही लहानपणची मैत्रीण. साऱ्या आरमोरीत असा गळा नाई. बारा नोव्हेंबरले नागपूरले तिच्या घशाच्या गाठीचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणे, आवाज राहणार नाई. डॉक्टर लोक भेव दाखवतेच. तरी ठरवलं, तिचं गाणं मशीनमंदी भराचं. अन् मीच भरणार. घरी टीवी कोण लावते? मीच ना.

३० ऑक्टोबर, दुपारी
नात उर्वशी आली ऊर्जानगरहून. मोबाईलवर दहा मशिनी दाखवल्या. म्हणे, आजी, पहिल्या वेळेले साधं घे. हातात मावणारा रेकॉर्डर, हवेची घरघर अडवाले त्याले केसाळ टोपी, एक कार्ड, ऐकाले हेडफोन. म्हटलं, हेडफोन काऊन? मले का विमान चालवाचं हाय? त्याच्याऐवजी दुसरी टोपी मागवली. मांजराच्या पिल्लावानी मऊ!

५ नोव्हेंबर
मशीन आली. उर्वशी म्हणे, एकदा भरून पाह्य. नाई म्हटलं. नव्या धानाचा पहिला घास देवीले, तवापर्यंत घरात कोणी तोंडात टाकत नाई. मशीनमंदी पहिला आवाज कलाचाच जाईन. आजी हे धान नोहे, म्हणून पोरगी पाय आपटत गेली. रीतभात नाई राह्यली.
कला येऊन गेली. दोन ओळी गायली, मंग खोकली. पदराले लाल डाग. पानाचा असन. पान सोडून वर्ष झालं म्हणते, पण मी काय आज ओळखते तिले?

८ नोव्हेंबर
कलानं आज हातानंच चहा मागितला. आवाज जपून राह्यली. हुशार हाय.

१० नोव्हेंबर, मंडई
बटण दाबलं. लाल दिवा लुकलुक कराले लागला. जागी झाली माही बाई! दोन्ही टोप्या घातल्या. कला तासभर गायली. शेवटी आवाज फाटला, तरी ओळ सोडली नाई. लोकं उभे राह्यले. मंग बंद कराले बटण दाबलं, लुकलुक थांबली. कला काहीतरी बोलली, तिले गप्प केलं, मशीन थैलीत टाकली. लई मस्त भरलं.

१३ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. मी अजून काही ऐकलं नाई. पहिल्यानं ऐकाचा मान कलाचा.

३० नोव्हेंबर
कला घरी आली. गळ्याले पट्टी. पाटीवर लिहून बोलते. लिहिलं, लाव.
उर्वशीनं लावली. गाणं नाईच. उर्वशी म्हणे, आजी, लुकलुक म्हणजे मशीन तयार हाय. दुसऱ्यांदा दाबल्यावर भरते. तू बंद करतांनी चालू केली.
मंग मशीन बोलली. कलाचा आवाज, बसलेला. भरलं का पाहून घे ना, शकू. मंग माहा आवाज. चूप, आवाज कायले वाया घालवते. त्याच्यापुढं थैलीची खरखर, अन् घरापर्यंत मी एकटीच बोलून राह्यली.
आवाज साफ हाय. दोन टोप्यांचा गुण. अन् पहिला आवाज कलाचाच गेला, मी बोलली तसं केलं.
कलानं पाटी पुसली. लिहिलं, पुन्हा लाव.
सात खेपा लावली. दर खेपेले मी तिले चूप म्हणते.