आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

केडगाव, शनिवार संध्याकाळ

माझी पोर रूथ गेल्यावर आज पहिल्यांदाच चर्चचा तरुण संघ आमच्या घरी जमला. तिनेच तो सुरू केला होता. पाळकसाहेब म्हणाले होते, "घर बंद करू नका, हेच मंडळीचं काम आहे." म्हणून दार उघडलं. नऊ जणांपैकी चौघेच आले.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना एस्तेरने वहीतली जुनीच यादी वाचली. "प्रभू, रूथताईला लवकर बरं कर." आणि मी सवयीने 'आमेन' म्हणालो. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. एस्तेर रडायलाच लागली. "चुकलं काका, नाव खोडायचं राहिलं." एकाने पेन काढलं. मी म्हणालो, "राहू दे."

का म्हणालो? दोन महिने ही मुलं हीच प्रार्थना करत होती, मीही करत होतो. त्या सगळ्या आमेनांचं काय झालं? विचारणार होतो, पण त्यांची तोंडं पाहून वही मिटून ठेवली.

निघताना एस्तेर दारात थांबली. "पुढच्या शनिवारी येऊ ना, काका?"

"या. पण प्रार्थना तुम्हीच करा. मला आता जमत नाही."

"आम्हाला तरी कुठं जमतंय," ती म्हणाली. "आधी ताईच करायची की सगळी."