मंडईच्या इतिहासातून गाळलेली आजी

आबासाहेबकाका,

परभणीच्या मंडईचा तुम्ही लिहिलेला इतिहास मी तपासला. चाळीस पानांत अध्यक्ष म्हणून तुमचे अकरा फोटो आहेत, आजीचं नाव कुठंच नाही. बोरीहून एसटीनं वांग्यांचं टोपलं आणून त्या मोकळ्या माळावर पहिल्यांदा बसली ती तुमचीच आई. तिची बोहनी होईपर्यंत मंडईत कुणी तराजू उचलत नव्हतं.

मी विचारलं तर म्हणालात, "टोपलेवालीचा कसला आलाय इतिहास? तू काना-मात्रा बघ, लय शहाणपण नको."

बघितल्या. मग मुखपृष्ठावर तुमच्या नावाखाली एक ओळ घातली: ‘धुरपताबाई टोपलेवालीचे चिरंजीव’. हजार प्रती छापून झाल्या.

हे पत्र पाठवत नाही. तुम्हाला वाचायचा कंटाळा असला, तरी स्वतःचं नाव तुम्ही उद्या प्रकाशनात वाचालच.

तुमचा पुतण्या,
परमेश्वर