नानांच्या कडुनिंबाची जाळी

नाना, तुमच्या झाडाभोवतीची लोखंडी जाळी कापायची की नाही, यावर रविवारी तुम्ही सुरू केलेल्या झाडं लावणाऱ्या क्लबची मीटिंग झाली. ठरलं काय, तर जाळी तशीच ठेवून तिच्या बाहेरून आणखी एक मोठी जाळी बसवायची. तुम्ही असतात तर हसला असतात की चिडला असतात, सांगता येत नाही. मी चहा पीत राहिले. खरं तर त्याच मीटिंगमध्ये सांगणार होते, की मी क्लब सोडतेय आणि धुळ्याला राहायला जातेय. ते तोंडातून निघालंच नाही.

क्लबमधलं माणूस गेलं की त्याच्या तेराव्याला घरच्यांनी कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये झाड लावायचं, भोवती जाळी, जाळीवर नावाची पाटी, ही रीत तुमचीच. तुमच्यासाठी मी कडुनिंब लावला, आपल्या दारासमोरच. दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी सगळे मिळून जाळ्या रंगवतात आणि तुमची जाळी सगळ्यांत आधी. रंगावर रंग चढत गेला, आत खोड फुगत गेलं, आणि सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशा सळया सालीत रुतल्या. या उन्हाळ्यात शेंडा पिवळा पडला. तुमच्यामागे क्लब चालवणाऱ्या आबांना मी झाडापाशी नेऊन दाखवलं. आबा अमळनेरकडचे, मनातलं बोलायला लागले की अजून अहिराणीवरच येतात. त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही, पाटीवरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले, "ताई, नानासनं नाव शे त्यावर. त्याले करवत लावशी का तू?"

मला तुमचा राग येतो, नाना. आई तांदूळ धुवायची ते पाणी ओट्याखालच्या बादलीत धरून ठेवणारे तुम्ही, एक ओंजळ मोरीत गेली तरी दिवसभर घुम्यासारखे बसायचात. रविवारी आधी झाडांना पाणी, मग घरात कुणाचं लग्न असो की बारसं. एकदा हायवेच्या कडेला लावलेल्या बकुळीच्या रोपाला मी काठीशी सुतळीने आवळून बांधलं होतं. सगळ्यांदेखत तुम्ही ओरडलात, "तुझा हात असा बांधून ठेवू का वर्षभर?" मग खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढलीत आणि ढिला वेढा देऊन बांधलीत, रोप वाढेल तसं रबर ताणेल म्हणून. मला रडू आलं होतं, पण ते हात मला आवडले होते. दवाखान्यात त्याच हातांनी माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "रविवार चुकवू नकोस." रोपांना ट्यूबची पट्टी आणि पोरीला मात्र सुतळी.

तेव्हापासून मी रविवार चुकवलेला नाही. सावद्याच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, मी पोचले तेव्हा हळद उरकून बायका हात धूत होत्या. तुमच्या जावयांची बदली धुळ्याला झाली, त्यांनी तिथेच घर घेतलं आणि ते शनिवारी बसने इकडे यायला लागले, कारण रविवारी मी हलत नाही हे त्यांना ठाऊक. माझी नोकरी होती तोवर शाळेचं कारण होतं. या वर्षी मी रिटायर झाले, तेही संपलं. ते तक्रार करत नाहीत. फोनवर फक्त विचारतात, "आज पण खिचडीच केली. तू कधी येतेस?" या वेळी मी म्हटलं, रविवारी क्लबमध्ये सांगते आणि सोमवारी येते. बॅगही भरली.

सोमवारी दुपारी उन्हाने कॉलनी चिडीचूप होती. मी नशिराबाद रोडवरच्या वेल्डिंगवाल्याला ग्राइंडर घेऊन बोलावलं. तो म्हणाला, "परवानगी घेतली ना, ताई? नंतर माझ्यावर नको यायला." मी म्हटलं, वडिलांचं झाड आहे. ठिणग्या उडत होत्या आणि मी पदराने तोंड झाकून, आता कुणीतरी खिडकी उघडेल, या धास्तीने उभी होते. कुणी उघडली नाही. दोन सळया खोडाच्या आत गेलेल्या, त्या तशाच राहू दिल्या. बाकीचं लोखंड त्यालाच देऊन टाकलं आणि पाटी तेवढी घरात आणली.

संध्याकाळी आबा धापा टाकत आले. "भंगारवाला लई ग्यात, ताई. नानासनी जाळी लई ग्यात." मी म्हटलं, "नेली असेल." एवढंच म्हटलं. ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मग म्हणाले, "आते तूच अध्यक्ष व्हय. तू समोरच ऱ्हास, बठ्ठा झाडेसवर तुनी नजर ऱ्हाई." आणि नाना, अध्यक्ष होऊन सगळ्या झाडांवर नजर ठेवायला मी मान डोलावली. रात्री फोन आला तेव्हा जावयांना सांगितलं, पुढच्या रविवारनंतर बघू. त्यांनी गोळी घेतलीस का, असं विचारलं.

तुमची पाटी बॅगेत साड्यांच्या खाली आहे. हा कागदही तिथेच ठेवेन. बॅग दाराशीच आहे, येता-जाता पायाला लागते. जाळी मीच कापली असं आबांना सांगितलं, तर ते पुन्हा माझ्या दारात येणार नाहीत आणि मी उद्याच्या बसने धुळ्याला जाऊ शकेन. बोलायचं आहे ते एवढंच. कडुनिंब आज सकाळी पाहिला, सळयांचे वळ तसेच आहेत, पण शेंड्याला तांबूस पालवी दिसली असं मला वाटलं. आबांना मी भीत नाही, नाना. धुळ्याला रविवारी सकाळी उठून मी काय करायचं, ते मला माहीत नाही.