आकाशपाळण्याची पहिली फेरी

ता. १७, मंगळवार.
सकाळी साडेसातला पार्कचं फाटक उघडलं. आकाशपाळण्याला वंगण दिलं. दहा वाजता पाळण्यात बसलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी उतरलो. (फेरी चार मिनिटांची असते.) दुपारी जेवण गेलं नाही. आता तीन वाजले आहेत आणि स्टोअरच्या खोलीत बसून हे लिहितो आहे.

ती. वहिनी,

लांबूनच नमस्कार. हल्ली सगळेच लांबून करतात, त्यामुळे माझ्यासारख्या माणसाची सोय झाली आहे. तुमची कंबर कशी आहे? चिमणीची शाळा फोनवर भरते असं कळलं. तिला सांगा, काकाला अजून फोनवर नीट बोलताही येत नाही, म्हणून काका पत्र लिहितो. माझी तब्येत ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही, वास येतो. (रोज सकाळी वंगणाच्या डब्यात नाक घालून खात्री करून घेतो.)

दादाच्या इथल्या, पार्कातल्या कपाटातल्या वस्तूंबद्दल तुम्ही दोनदा विचारलंत. स्वेटर, चष्मा आणि छोटा रेडिओ मागच्या महिन्यात पाठवले, ते पोचले असतील. त्याचा मोठा पाना मात्र अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे.

पार्कची हकीकत अशी. टाळं लागून आठ महिने झाले. मालकांनी हातपाय मारून पाहिले. तिकीट खिडकीतून भाजी विकली, पण लोक सवयीने रांग लावून विचारायचे, "लहान मुलांना अर्धं का?" मग टक्कर-गाड्यांचं दालन एकाला गाद्या ठेवायला दिलं. गाड्या आणि गाद्या एकाच जागी आल्यावर आमचं भूत (भुताच्या घरात बारा वर्षं भूत होणारा माणूस, त्याला आम्ही घरच्यासारखं भूतच म्हणतो) म्हणालं, "आधी सुचलं असतं तर एवढे गुडघे फुटले नसते." भुताची स्वतःची पंचाईत वेगळी आहे. नव्या नियमाप्रमाणे त्याला सहा फुटांवरून घाबरवायचं आहे. तो आरशासमोर सराव करतो. मी एकदा पाहिलं. सहा फुटांवरून तो घाबरवणारा वाटत नाही, पत्ता विचारणारा वाटतो.

आता पार्क उघडायची परवानगी मिळायची चिन्हं आहेत, पण एका अटीवर. महिनाअखेरच्या आत पाळण्याला तपासनीसाचा दाखला मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर मालक पाळणा भंगारात काढणार. हे नुसतं बोलणं नाही. भंगारवाला येऊन गेला. त्याने खांबावर बुक्की मारून पाहिली, कलिंगडावर मारतात तशी. मी स्टोअरच्या दारात उभा होतो.

दाखल्यासाठी पाळणा वजन भरून फिरवावा लागतो. प्रत्येक डब्यात चार माणसांच्या वजनाची पोती. वाळूची दुकानं बंद, म्हणून मालकांनी फुलांच्या वाफ्यांतली माती भरायला लावली. इतक्यात तपासनीस पुढच्या तारखेवर गेला, मग त्याच्याही पुढच्या. मध्ये पाऊस येऊन गेला आणि आमच्या प्रवाशांना कोंब फुटले. मालकांना ते फार आवडलं. त्यांनी पोत्यांवर खडूने डोळे काढायला लावले, खाली मास्क बांधायला लावले आणि जाहिरातीसाठी फोटो काढले. अखेर गेल्या आठवड्यात तपासनीस आला. त्याने पहिल्या डब्यात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "यांच्यात अंतर नाही."

मालक म्हणाले, "साहेब, एकाच घरातले आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, वजनाचं ठीक आहे, पण आठ महिने कोणी न बसलेल्या पाळण्यावर मी पोत्यांच्या भरवशावर सही करणार नाही. जबाबदार माणूस बसवा, मंगळवारी मी समोर उभा राहून बघतो. मग त्याने विचारलं, "इथे रोज पहिल्या फेरीला कोण बसायचं?"

वहिनी, तेव्हा सगळे खाली बघायला लागले. एकोणीस वर्षं रोज सकाळी दादा बसायचा. जो नट आवळतो तोच पहिला बसतो, हा नियम त्यानेच घातला होता. आधी डबा ज्या खिळीवर लटकतो तिच्यावर पान्याने तीन ठोके द्यायचा, कान लावायचा आणि मग बसायचा. मी बावीस वर्षं त्याच पार्कात स्टोअर सांभाळलं, पण एकदाही पाळण्यात बसलो नाही. मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटतो. त्याला एकदा विचारलं होतं, तुला भीती कशी वाटत नाही? तो म्हणाला, "वाटते की! ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी काम सोडणार. न भिणाऱ्या माणसाने दुसऱ्यांना वर पाठवू नये."

तर पहिला कोण बसणार, यावर चर्चा झाली. नवा मेकॅनिक म्हणाला, मी येऊन तीनच आठवडे झालेत, माझी या पाळण्याशी अजून ओळख नाही. मालकांना रक्तदाब आहे. (दाखल्याचं नाव निघालं की वाढतो.) भूत म्हणालं, "मी जमिनीवरचं भूत आहे." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मालक म्हणाले, "स्टोअरभाऊ, सख्खा भाऊ तुमचा. रक्तातच असणार." मला नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा मी बरं म्हटलं होतं.

आठवडाभर झोप नव्हती. आज सकाळी पहिल्या डब्याच्या खिळीवर पान्याने तीन ठोके दिले. आवाज स्वच्छ आला, निदान मला तसा वाटला. तोल राहावा म्हणून समोरच्या बाकावर एक पोतं ठेवलं होतं. त्याच्या डोक्यावर वीतभर रोप, तोंडाला मास्क. दार लागलं आणि जमीन खाली जायला लागली. वर जातोय असं वाटतच नाही वहिनी, आपल्याला सोडून बाकी सगळं निघून जातंय असं वाटतं. मी दांडी अशी धरली होती की अजून हाताची मूठ पूर्ण उघडत नाही. (अक्षर त्यामुळे असं आहे.) डबा बरोबर टोकावर पोचला आणि वीज गेली.

अशा वेळी पाळणा हाताने फिरवायची सोय आहे. खाली दांडा असतो, तो दोघांनी मिळून फिरवायचा. दोन मुठींमध्ये अंतर दोन फूट. नवा मेकॅनिक एका मुठीला लागला आणि भूत सहा फुटांवर उभं राहिलं. मला वरून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अरे ये ना, एकट्याने फिरत नाही तो!"

"तू काल कुठे गेला होतास ते आधी सांग."

"सासुरवाडीला!"

"मग मी येत नाही."

मालक कर्ण्यातून ओरडत होते, "स्टोअरभाऊ, घाबरू नका, मी आहे!" मालक जमिनीवर होते. वाऱ्याने डबा हलत होता. खिळी करकरत होती, आणि ती नेहमीच करकरते की आजच, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. मी त्या पोत्याशी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण ते ऐकून घेत होतं.

मग मी डोळे उघडले. सगळे रस्ते रिकामे होते. आणि समोर, गोदामांच्या मागे, दवाखाना दिसला. त्याच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांची रांग अगदी सरळ समोर होती. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. दादा जाण्याच्या आदल्या दिवशी तिथून त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, इथून आपला पाळणा दिसतो रे, थांबलाय, जरा फिरव ना. मला वाटलं तापात बोलतोय. खालून दवाखाना कधी दिसत नाही, म्हणून पाळणाही तिथून दिसत नसेल असं मी धरून चाललो. म्हटलं, पड शांत. मी फिरवला नाही. त्यानंतर रोज सकाळी दहा मिनिटं रिकामा फिरवतो; मालकांना सांगितलं, यंत्र गंजू नये म्हणून. आज कळलं, तो तापात बोलत नव्हता.

चाळीस मिनिटांनी मी खाली आलो. भुताने शेवटी आपला भुताचा झगा, दोन मास्क आणि रबरी हातमोजे घालून दांड्याला हात लावला होता. वरून ते दृश्य असं होतं की मला क्षणभर वाटलं, आपण गेलोच. तपासनीसाने सही केली. म्हणाला, वीज गेली तरी पाळणा सुरक्षित आहे हेही सिद्ध झालं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टोअरमध्ये येऊन दार लावून घेतलं.

पाळणा आता भंगारात जात नाही, एवढंच कळवायचं होतं. चिमणीला जवळ घेऊन माझ्या वतीने डोक्यावर हात ठेवा. बाकी सगळं ठीक.

तुमचा धाकटा दीर

ता. क. १ : पत्र वाचून पाहिलं. खिळीवर पान्याने तीन ठोके दिले असं मी लिहून गेलो आहे. तुमच्या लक्षात आलंच असेल. पाना हरवलेला नव्हता. पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात आहे. बावीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून वस्तू हरवल्याचं मी प्रथमच सांगितलं, आणि तेही खोटं. माफ करा. दुसऱ्या पान्याने ठोकून पाहिलं, पण त्याने सगळेच नट सैल वाटतात.

ता. क. २ : नवा मेकॅनिक आत्ता दारातून सांगून गेला, "उद्या आठला हं, स्टोअरभाऊ." मी विचारलं, आठला काय? म्हणाला, "पहिली फेरी." ती रोज असते, वहिनी! एकोणीस वर्षं समोर बघत होतो, पण आठवडाभराच्या धास्तीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही पाना मागितलात तर मी उद्याच्या उद्या पाठवीन, तो तुमचाच आहे. पण चालत असेल तर थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या. भीती गेली की लगेच परत करतो.

ता. क. ३ : पार्क उघडला की चिमणीला घेऊन या. पण आठनंतर या.

सगळे घरी गेले. पाना तेलाच्या फडक्याने पुसून खणात ठेवला. पाकिटाला जीभ लावायची नाही असा नियम आहे आणि गोंद सुकला आहे, म्हणून नळाखाली बोट ओलं करून पाकीट चिकटवतो आहे. हात आधी धुतले आहेत.