लाल पेन्सिलीच्या आठ खुणा

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नका.

धुळ्याच्या त्या ब्लड बँकेत मी फरशी पुसायची आणि तुम्ही कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनवायचे, रक्ताच्या बाटलीवर लावायच्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव आणि रक्तगट छापणारा. बनवायचे कसले, चार महिने नुसते कागदावर लिहीत बसलात. काय झालं तर मशीनने काय करायचं, काय कधीच होऊ द्यायचं नाही, एकेक ओळ. मी म्हटलं, "भाऊ, एवढ्यात तर घर बांधून झालं असतं." तर म्हणता, "घर पडलं तर आवाज होतो, अक्का. हे पडलं तर कळणार बी नाही, माणूस तेवढा जाईल."

तपासायला मलाच बसवलंत. "लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नसतं. आणि तुमच्याइतकी घाई अख्ख्या धुळ्यात कुणाला नाही." खरंच, प्रिंटर अडला तशी मी बटण दोनदा दाबलं, आणि दुसऱ्या पेशंटची चिठ्ठी पहिल्याच्या नावाने आली. मी ती चुरगळली तर केवढ्याने ओरडलात, "चूक फेकायची नाही!" पंधरा दिवस त्या एका चिठ्ठीमागे घालवलेत. मग मला तपासण्यांची यादी आणि लाल पेन्सिल दिलीत, डोळ्यांनी पाहिलं तरच खूण करायची म्हणून.

शेवटच्या दिवशी यादीतल्या आठ तपासण्या उरल्या होत्या. पाचोऱ्याला भाचीची हळद, गाडीची वेळ झालेली. मी न पाहताच आठही ठिकाणी खुणा करून टाकल्या. तुम्ही दारातून विचारता, "बठ्ठं बरोबर शे ना, अक्का? सगळं?" मी चपला घालत म्हणते, "शे ना, भाऊ." तुम्ही खाली सही केलीत. मी परतले तर तुम्ही काविळीने दवाखान्यात, तिथून घरी आलाच नाहीत.

नव्या साहेबांना म्हटलं, परत तपासू. ते म्हणाले, "चालतंय ना मावशी? मग फरशी पुसा." प्रोग्राम पारोळ्याला गेला, जळगावला गेला. इथली एकेक बाटली मी कागदाशी ताडून पाहायची, शिव्या खायची. तिथल्या कोण पाहणार? चूक सापडली नाही. पण नव्हतीच, की मला दिसली नाही, हे कुणाला विचारू?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक लिहिते. दवाखान्यात मी खरं सांगायलाच आले होते. तुमचे डोळे पिवळे झालेले. तुम्हीच त्या आठांतलं एक विचारलंत, "छापताना मधेच लाइट घालवून पाहिली ना? काय केलं मशीनने?"

मी म्हटलं, "बरोबर केलं, भाऊ." तुम्ही समाधानाने कूस बदललीत.