खालच्या मजल्यावरचे डॉक्टर

४ सप्टेंबर

चि. बबडीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस अशी तुझ्या आईची तक्रार आहे, म्हणून कामाचं ते मी पत्रातच लिहितो.

हाडांच्या विभागात जागा निघाली आहे आणि अर्जाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे, हे वाचून बरं वाटलं. अर्ज कर. चार वर्षं लोक मला विचारतात, मुलगी कशाची डॉक्टर? मी इमर्जन्सीची म्हणतो. मग ते विचारतात, म्हणजे नक्की कशाची? तिथे मी विषय बदलतो. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही. माहितीपुस्तिका वाचून आणि मशीन उघडून शिकलो. पण माझ्याकडे आलेलं मशीन हातभर टीप सरळ पडल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. तुम्ही मंडळी पेशंट अर्धा उघडून दुसऱ्याच्या हवाली करता. पुढे तो नीट चालतो की दोरा तोडतो, तुम्हाला पत्ता नसतो. याला काम कसं म्हणायचं, मला खरंच कळत नाही.

काल समोरच्या टेलरचं जुनं मशीन उघडलं. खालचा दोरा गुंफणारं शटल एका बाजूने झिजलंय. नेमका तेव्हाच, दहा वाजून वीस मिनिटांनी, उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला आणि हात उचलेना. टेलर काहीतरी विचारत होता, मला शब्द सापडेनात. घड्याळ समोर होतंच. बरोबर अकरा मिनिटांनी सगळं पूर्ववत. वहीत नोंद केली आहे. उन्हामुळे असावं. शटल नवीन घातलं, टीप सुरेख पडते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो वापरत राहा.

तुझे बाबा

८ सप्टेंबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. सकाळी फोनवर ओरडले, त्याची आधी माफी मागते. तुमचं पत्र हातात पडलं आणि दुसऱ्याच मिनिटाला टेलरकाकांना फोन करून तुम्हाला दुकानातून उचलून तिथल्या हॉस्पिटलात न्यायला लावलं, तेही तुम्हाला रुचलं नसणार. तुम्ही वरच्या वॉर्डात पोचलात आणि जेवणाला नावं ठेवताय, असा आत्ताच आईचा फोन आला. तो ठेवला आणि लगेच लिहायला बसले.

बाबा, ते ऊन नव्हतं. मेंदूकडे जाणारं रक्त अकरा मिनिटं अडलं होतं. पुढच्या वेळी ते आपणहून सुटेलच असं नाही. आणि ही गोष्ट तुम्ही शटलच्या खाली लिहिलीत, चार दिवस पोस्टाने फिरू दिलीत! घड्याळ लावून मोजलंत, पण आईला बोलला नाहीत. असा पेशंट आमच्याच घरात निपजायचा.

कामाबद्दल लिहिलंत ते लागलं, कारण ते मलाही वाटतं. आमच्या दारातून आत येणाऱ्याला काय झालंय हे कुणालाच माहीत नसतं. पुढच्या दहा मिनिटांत याचा जीव कशाने जाऊ शकतो, ते शोधायचं, थोपवायचं आणि वर पाठवायचं. मागच्या आठवड्यात एका बाईंचा श्वास परत आणला. दोन दिवसांनी वर जाऊन पाहिलं, तर त्या पलंगावर दुसरंच कुणी. नर्सही नवी. तशीच खाली आले. अर्ज भरून ॲप्रनच्या खिशात ठेवलाय. रोज देईन म्हणते आणि रोज राहतो. हाडं निदान जुळलेली दिसतात.

वरचे डॉक्टर सांगतील ते निमूट ऐका. माया आहे तशी राहू द्या.

तुमची बबडी

१९ सप्टेंबर

चि. बबडीस,

आशीर्वाद. परवा घरी आलो. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती, ती उघडून साफ केली. टाके नऊ, अंतर समान. त्या मोठ्या डॉक्टरांचा हात चांगला आहे.

पण लिहायचंय ते खालच्या मजल्यावरच्या, तुझ्यासारख्याच इमर्जन्सीतल्या डॉक्टरबद्दल. तिशीचा पोरगा, बुटाची एक नाडी सुटलेली. मला हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, मग मानेवर नळी ठेवून डोळे मिटले. मीसुद्धा मशीन उघडण्याआधी असाच कान लावतो. तेवढ्यात तो उठून गेला. आला, परत गेला. मी चिडून म्हणालो की आधी हातातलं एक काम पुरं करा. तर म्हणतो कसा, काका, तुम्हाला थांबवून ठेवता येतंय ही चांगली बातमी आहे! बारा पाचला आत नेलं, बारा पन्नासला वर पाठवलं. वरचे म्हणाले की त्या पोराने मान ऐकली नसती तर आम्हाला दोन दिवस उशीर झाला असता.

घरी निघताना मुद्दाम खाली गेलो. म्हटलं, याला काम कसं झालं ते दाखवावं. त्याने मला ओळखलं नाही. कागद वाचला, टाके बघितले, अगदी मनापासून हसला, आणि कुणीतरी हाक मारली तसा पळाला. मी पिशवी घेऊन तिथेच उभा. राग आला की बरं वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू अर्ज करू नकोस असं मी म्हणत नाही. कर असंही म्हणवत नाही. माझ्याकडे सध्या मत नाही. असं आजवर झालं नव्हतं. हेही डॉक्टरांना दाखवा, असं तुझी आई म्हणते.

आम्हाला जीव लावतेस तेवढा पुरे, थोडा स्वतःसाठी ठेव.

बाबा

१ ऑक्टोबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. काल शेवटची तारीख होती. अर्ज पाचच्या आत द्यायचा होता. साडेतीनला निघाले, तर दारात एक आजोबा भेटले. म्हणाले की उन्हाळ्यात तुम्ही माझ्या बायकोला वाचवलंत. बाबा, मला त्या बाई अजिबात आठवल्या नाहीत. आठवतात म्हणून सांगणार होते, पण पिशवी घेऊन उभे असलेले तुम्ही डोळ्यांपुढे आलात. खरं तेच सांगितलं, आणि म्हटलं, बसा, मला सगळं पहिल्यापासून सांगा.

ते सांगायला लागले. बायको आता जिन्याने चढते, यांच्याशी भांडते, तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालते. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. मी उठले. ते म्हणाले, जा पोरी, मी थांबतो. जवळजवळ दोन तासांनी हात धुऊन बाहेर आले तर ते त्याच बाकावर. राहिलेलं सगळं सांगून झाल्यावरच गेले.

तेव्हा सहा वाजले होते, अर्ज खिशातच. अर्ज न देण्याचा निर्णय मी घेतला, का मला नुसता उशीर झाला, हे मला कळत नाहीये. पण घरी चालत आले, आणि वाटेत जोरात भूक लागली होती.

तुम्हा दोघांचा लोभ मिळतोय तसाच मिळत राहो.

तुमची बबडी