नव्या भाताचं जास्तीचं पान

बा, आज नवा भात शिजवला. घर आता पाड्यावर नाही, सरावली गावातल्या बिल्डिंगीत आहे, चुलीच्या जागी गॅस आहे, तांदूळ मात्र आपल्याच शेतातला. पान मांडलं आणि तुझी आठवण आली. म्हणजे खरं तर रागच आला. तू त्या दिवशी रानातून का उतरलास?

आणीबाणी होती. जीपचा आवाज आला की पाड्यातले सगळे बाप्ये रानात पळत, नसबंदीवाले धरून नेतात म्हणून. तूही तिकडेच लपलेला. घरातलं जुनं धान्य संपलेलं, नवं भात कापून अंगणात आणलेलं. पण घरधन्यानं देवाला आणि वाडवडिलांना पान दाखवल्याशिवाय त्यातला दाणाही तोंडात घालायचा नाही. आई कंद उकडून देई आणि मी भातासाठी रडत बसे. तू आलास तेव्हा आई घाबरलीच. "आज नको, जा माघारी," म्हणाली. तू म्हणालास, "पोर उपाशी हाय. पान दाखवतू नि जातू."

आपला रिवाज नसबंदीवाल्यांनाही ठाऊक होता. जीप लांब ठेवून ते चालत आले होते. पानावरचा भात अजून वाफाळतो आहे, पोलिसाची काठी तुझ्या पाठीत बसते आहे, आणि तू हात जोडून सांगतो आहेस, "सायेब, येकच पोर हाय माजी. आजून पायजेत." साहेब हसला. शाळेत, गुरुजींच्या टेबलावर निजवून त्यांनी तुला कापलं. पुढे त्याच टेबलापाशी उभी राहून मी पाढे म्हणायची, डोळे मिटून.

त्यानंतर दरसाल तू आपल्या तिघांच्या पानांशेजारी एक पान जास्त मांडायचास. "ह्या कुनाचा?" मी विचारलं होतं. "आला आसता त्याचा," तू म्हणालास आणि जेवायला लागलास. आई त्या पानाला हात लावत नसे. शेवटी कोंबड्या यायच्या.

राग तुझ्यावर नाही, हे कळतं मला. ज्यांच्यावर आहे त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, म्हणून तुझ्याशी भांडते. आजही मी पान जास्त मांडलं. मुलाने विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, आजोबांचं. तो मान हलवून हात धुवायला गेला.

हे पाठवायचं तरी कुठे? पण एक तुला सांगते, त्याला नाही सांगितलेलं. नव्याच्या दिवशी त्याला जेवायला हाक मारण्याआधी मी गॅलरीत जाऊन खालचा रस्ता बघून येते, बा. लांबपर्यंत.